बर्फात कोंडलेली हवा

अंटार्क्टिकाच्या पठारावर, समुद्रकिनाऱ्यापासून हजार किलोमीटरहून अधिक आत, ‘लिटल डोम सी’ ही युरोपीय संशोधकांची छावणी आहे. तेथे काम चालते ते केवळ उन्हाळ्यात. आणि उन्हाळा म्हणजे उणे ३० अंशांच्या आसपासची थंडी! उंची सुमारे ३,२०० मीटर असल्याने चार पावले भरभर टाकली तरी धाप लागते. त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. चौविहार पाळणाऱ्याने तेथे काय करावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात सहज येईल. छावणीचा दिवस मात्र घड्याळावरच चालतो.

तंबूतील यंत्र तारेला लोंबत खोल उतरते आणि बर्फाची कांब वर आणते. ती पुसायची, मोजायची, मीटर-मीटरचे तुकडे करून पेटीत भरायची. खोली वाढेल तशी प्रत्येक फेरी लांबते. जानेवारी २०२५ मध्ये २,८०० मीटरांवर खडक लागला. हाती आलेला बर्फ किमान १२ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा असून त्यात त्या त्या काळची हवा कोंडलेली आहे. याच परिसरातील आधीच्या कांबीवरून दिसले होते, की आठ लाख वर्षांत हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत ३०० भागांपुढे गेला नव्हता. आज तो ४२० च्या वर आहे.

हा बर्फ उणे ५० अंशांच्या शीतपेट्यांतून जहाजाने युरोपास गेला. व्यापाऱ्याचा माल वाटेत बिघडला तर पुन्हा मागवता येतो. येथे तळाकडील एका मीटरात १३ हजार वर्षांपर्यंतचा काळ दडलेला. तो वितळला, तर त्यातील हवा गेली ती गेलीच.