जड सुकाणू

नाशिकजवळ गोदावरी गंगापूर धरणाशी अडते, त्या पाण्यावर आम्ही ‘लेझर’ जातीची लहान शर्यतीची नौका हाकारतो. दांडा बहुधा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती असतो. सुकाणू जड झाले तर त्यांचे हात लवकर थकतात, आणि ऐन झोताच्या वेळी दांडा सुटला तर नौका उलटू शकते.

म्हणून आम्ही प्रथम नौका किनाऱ्याला लावून दांडा हलवून पाहतो. तेथेही तो अडला तर दोष बिजागरीत असतो. गाळ बसला असेल तर धुवावा, खिळा वाकला असेल तर बदलावा.

किनाऱ्यावर हलका आणि चालत्या नौकेत जड, असा दांडा मात्र तेलाने सुधारत नाही. ब्रूस कर्बी यांनी १९७० साली आखलेल्या या ४.२ मीटर लांबीच्या नौकेत सुकाणूचे पाते वर उचलता येते. त्याची दोरी सैल पडली की पाते मागे सरकते. पाण्याचा दाब आसापासून दूर पडतो व सारा भार हातावर येतो. पाते पुरते खाली ओढून दोरी घट्ट बांधावी. तरीही ओढ राहिली तर नौका फार कलली आहे असे समजावे; अंग बाहेर झोकावे, शीड किंचित सैल सोडावे.

याकोबाच्या पत्रातील सुकाणूची उपमा वाचकांस स्मरत असेलच. मुलांना आम्ही एवढेच सांगतो, की दांड्याशी झगडू नये. बळाने वळवलेले सुकाणू वेग खाते. हाताला लागणारा भार ही नौकेची तक्रार असते. ती आधी ऐकून घ्यावी.