जावयाचे गिरमिट

नॉर्वेतली माणसे पायांत स्की घेऊनच जन्माला येतात, असे नॉर्वेतली माणसेच म्हणतात. त्या स्कीवर बूट अडकवायची कळ कुणी बसवून दिली, याबद्दल मात्र ती काही बोलत नाहीत. मुलीकडे ऑस्लोला चार हिवाळे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की सारी मेख तिथेच आहे. स्की म्हणजे शेवटी पुढून वळवलेली एक लांबलचक फळी. तिच्यावर बूट धरणारी कळ, म्हणजे बाइंडिंग, नसेल तर ती भिंतीला टेकवून ठेवण्यापलीकडे उपयोगाची नाही. आणि दुकानात स्की पुष्कळदा कोरीच मिळते. भोके पाडून बाइंडिंग बसवायचे काम निराळे, त्याची मजुरीही निराळी.

रानावनातून चालायच्या ज्या स्की असतात, त्यांचे काम त्या मानाने सोपे. बूट फक्त चवड्यापाशी अडकतो, टाच मोकळी राहते. ब्रूर वित नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थाने १९२७ साली असे एक बाइंडिंग काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘रोटेफेला’, म्हणजे उंदराचा सापळा! दिसतेही तसेच. असले सापळे घरोघरी तळघरात बसवले जातात आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

उतारावरच्या स्कीची गोष्ट वेगळी. तिथे टाचही जखडलेली. घसरणाऱ्या माणसाला प्रत्येक वळणावर स्की घट्ट हवी. पण तोच माणूस कोसळला, की दीडपावणेदोन मीटरची ती फळी पायाला पिळणारी तरफ बनते. तेव्हा कळीने क्षणात पाय सोडला पाहिजे. सोंद्रे नूरहाइम या टेलेमार्कच्या पठ्ठ्याने एकोणिसाव्या शतकात वेताप्रमाणे पिळलेल्या फांद्यांचे वेढे टाचेमागून घेऊन स्की पायाला पक्की केली आणि १८६८ साली राजधानीच्या लोकांना थक्क केले. धरण्याचा प्रश्न त्याने सोडवला. सोडण्याचा प्रश्न सुटायला पुढे सत्तर वर्षे लागली. तोही दुसऱ्या एका नॉर्वेजियनानेच सोडवला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या यालमार वामचा १९३७ साली माउंट हूडवर पाय मोडला आणि इस्पितळात पडल्यापडल्या त्याला आपोआप सुटणाऱ्या कळीची कल्पना सुचली, असे सांगतात. पाय मोडून घेतल्यावाचून काही शोध लागतच नाहीत की काय, कोण जाणे.

आता आमच्या घरची कथा. जावईबुवांनी मुलीसाठी मोसम संपताना एक कोरी जोडी स्वस्तात मिळवली होती. बाइंडिंग तिच्या जुन्या स्कीवरचे काढून लावायचे ठरले. फेब्रुवारीतली हिवाळी सुट्टी तोंडावर आलेली, आणि दुकानात कामांची ही रांग!

“बाबा, आठ-दहा भोकंच तर पाडायची आहेत,” जावईबुवा मला म्हणाले. “तुम्ही असताना दुकान कशाला?”

“भोकं तुझी असतील,” मुलगी आतून म्हणाली, “पाय माझा आहे.”

मी जन्मभर यंत्रशाळेत जिग आणि फिक्स्चर बनवण्यात घालवला. शेगड्यात काही धरलेले दिसले की माझा हात शिवशिवतो. पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. तेव्हा मी तोड काढली : भोके घरी पाडायची, कळ किती जोराने सुटते ते मात्र दुकानातल्या यंत्रावर तपासल्याशिवाय स्की डोंगरावर न्यायची नाही. दोघांनीही ते मान्य केले. खुशीने नव्हे, पण केले.

तळघरात काम सुरू झाले. जावईबुवांनी भोकांचा कागदी नमुना छापून आणला होता. त्यावर शंभर मिलिमीटरची एक खूणरेघ असते. मी पट्टी लावली, तर ती सत्त्याण्णव भरली. छपाईयंत्राने कागद बसवून घेण्यासाठी चित्रच आक्रसले होते. तीन मिलिमीटर म्हणजे स्क्रू भोकावर येणारच नाही. दुसरा कागद पूर्ण मापाने छापून आला.

मग मध्य काढणे. स्की कमरेत बारीक असते, म्हणून एकाच कडेवरून मापे घेऊन चालत नाही. जिथे जिथे भोक, तिथे तिथे रुंदी मोजून मध्यबिंदू काढायचा आणि ते जोडायचे. बुटाच्या बाजूला तळव्याचा मध्य दाखवणारी एक रेघ असते, स्कीवरही तशीच एक असते. त्या दोन रेघा जुळल्या पाहिजेत. तळव्याची लांबी टाचेपाशी कोरलेली होती, ३०५ मिलिमीटर. एवढी जुळवाजुळव होईपर्यंत दोन चहा झाले आणि भोक एकही नाही. जावईबुवा चुळबुळत होते. पण यंत्रशाळेत मी पोरांना हेच सांगत असे, की मोजण्याला कंटाळणाऱ्याने गिरमिट हाती धरू नये.

ड्रिलचा बिटही साधा चालत नाही. स्कीच्या पोटात लाकूड असते आणि काहींत त्यावर अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा. पत्रा असेल तर भोक ४.१ मिलिमीटरचे, नसेल तर ३.६ चे, खोली साधारण ९. आमच्या स्कीवर ते छापलेलेच होते. या बिटाला खांदा असतो. नऊ मिलिमीटरवर तो टेकतो आणि पुढे जाऊ देत नाही. साधा बिट लावून हात जड पडला, तर भोक थेट तळातून बाहेर! सेंटर-पंचने खूण, मग ड्रिल काटकोनात, मग पत्र्यात आटे पाडायचे, भुसा झटकायचा आणि भोकात पाण्याला दाद न देणारा लाकडाचा गोंद. गोंद स्क्रू धरतो यापेक्षा तो पाणी अडवतो हे महत्त्वाचे. आत पाणी शिरले की लाकूड कुजते, आणि कुजलेल्या लाकडात स्क्रू काय धरणार?

स्क्रूच्या डोक्यावर नेहमीच्या फुलीखेरीज चार बारीक रेघा होत्या. त्यांना पोझिड्राइव्हचाच स्क्रू-ड्रायव्हर लागतो. दुसरा लावला तर फुली खाल्ली जाते. शेवटचे आटे हातानेच आवळले. जावईबुवांनी स्की उचलून कानाशी हलवून पाहिली. का, ते त्यांनाच ठाऊक.

बाइंडिंगवर एक छोटी खिडकी असते, तीत आकडा. माणसाचे वजन, उंची, वय, तळव्याची लांबी आणि त्याचा धीटपणा यांवरून तक्त्यात बघून तो लावायचा. पन्नाशी गाठली की तक्ता आपला एक पायरी खाली उतरवतो. मला तो फार समंजस वाटला. पण खिडकीतला आकडा म्हणजे स्प्रिंग दाबल्याची खूण, कळ तेवढ्याच जोराने सुटेल याची हमी नव्हे.

दुकानातल्या यंत्राने बूट पिळून पाहिला. उजवी कळ तक्त्याप्रमाणे सुटली. डावी सुटली खरी, पण पुष्कळ जास्त जोर लावल्यावर. भोके, स्क्रू, मध्य सारे चोख होते. आत वर्षानुवर्षांचे ग्रीस वाळून चिकटले होते. कारागिराने ती साफ केली, वंगण दिले, पुन्हा तीनदा मोजली. आकडे मर्यादेत आले. त्याने भोकांकडे पाहून मान डोलावली, तेव्हा जावईबुवांची छाती फुगली. मुलगी मात्र डाव्या बुटाकडे बघत गप्प उभी होती.

“ही बाइंडिंगं नडगीसाठी आहेत,” कारागीर तिला म्हणाला. “गुडघ्याच्या स्नायुबंधांची हमी कुणी देत नाही.” त्याचा हा सरळपणा मला आवडला. या कळांमुळे नडगीची मोडतोड पुष्कळ घटली हे खरे. गुडघ्याच्या आतल्या इजांना मात्र त्यांनी तसा आळा घातलेला नाही.

रविवारी आम्ही ट्रीवानच्या उतारावर गेलो. मी खाली कॉफीचा पेला घेऊन उभा होतो. तिसऱ्या खेपेला ती पडली. डावी स्की फटकन सुटली, तिचे ब्रेक बर्फात रुतले आणि ती जागच्या जागी थांबली. मुलगी चार हात पुढे घरंगळत गेली. जावईबुवा वरून आले ते थेट स्कीपाशी थांबले आणि वाकून पाहून ओरडले, “एकही स्क्रू हललेला नाही!”

“मी बरी आहे,” बर्फातून टोपी शोधत मुलगी म्हणाली, “कुणी विचारलंच तर.”