बांबूचा भाला आणि आरएक्स १००

१/ इतिहास म्हटला की गड, ताम्रपट आणि बखरी आठवतात. आज मात्र वाहनांच्या धुराड्याविषयी लिहितो. जपानी तरुणांनी आपली वाहने का बदलली, आणि त्याचे वाशीम जिल्ह्यातील माझ्या कामरगावाशी नाते काय? #थ्रेड

२/ १९७१ पासून फुजी स्पीडवेवर ‘ग्रँड चॅम्पियन’ शर्यती होऊ लागल्या. शर्यतीची मोटार सामान्य तरुणाच्या आवाक्यात नव्हती. मग त्याने साध्या मोटारीलाच तो साज चढवला : जमिनीलगत आणलेली बॉडी, रुंद चाके. या बुटक्या शैलीला ‘शाकोतान’ म्हणतात.

३/ ‘बोसोझोकू’ टोळ्यांनी त्याची परिसीमा गाठली. आकाशाकडे रोखलेल्या लांबलचक धूरनळीचे नाव होते ‘ताकेयारी’, म्हणजे बांबूचा भाला. तिने वेग वाढत नसे. लोकांनी पाहावे, ऐकावे, एवढाच हेतू. १९७८ मध्ये कायदा कडक झाला, तरी १९८२ साली पोलिसांच्या नोंदीत ४२ हजारांहून अधिक सदस्य होते.

४/ १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० भारतात आली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक. अशा इंजिनात धूरनळी ही नुसती वाट नसते. तिच्यातून परतणारी दाबाची लहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणून सायलेन्सर बदलला की आवाजाबरोबर ताकदही बदलते. आपल्या मेकॅनिकांनी हे शास्त्र कानाने आत्मसात केले.

५/ आमच्या भागात पोळ्याला बैल झूल, बाशिंग, घुंगरमाळा लेवून तोरणाखाली उभे राहतात. तेच गोंडे पुढे ट्रॅक्टरवर आले. त्यामुळे आमच्या पोरांनी जपानची नक्कल केली, असे मला वाटत नाही. यंत्र जपानी होते. कारखान्यातून आलेली वस्तू ‘आपली’ करण्याची ओढ मात्र दोन्हीकडे स्वयंभू होती.

६/ जपानने १९९५ मध्ये ठरावीक भाग बदलण्यास मुभा दिली. आपल्याकडे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई केली. जप्त सायलेन्सरांवर पोलीस रोडरोलर फिरवतात. अपरात्री आजाऱ्याची झोप मोडणाऱ्या आवाजाची बाजू मीही घेणार नाही.

७/ परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक प्रश्न छळतो. बदल बेकायदा असल्याने आरसी बुकात गाडी जशी कारखान्यातून आली तशीच नोंदलेली राहते. शंभर वर्षांनी तो कागद वाचणारा संशोधक म्हणेल, येथील तरुणांनी काहीच बदलले नाही. राजाची पालखी संग्रहालयात जाते. शेतकऱ्याच्या पोराची गाडी भंगारात.

८/ म्हणून एक विनंती. आपल्या गावातील जुन्या मेकॅनिककाकांकडे जा. कोणती गाडी, कोणते साल, काय बदलले आणि का, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आरसी बुक जे सांगणार नाही, ते त्या वहीत राहील.