हेनिकरचं जंगल आणि दादाचे सहा मार्कर

पेंटबॉल तुम्ही खेळला असाल, तर बहुधा लोणावळ्याच्या किंवा बंगळूरजवळच्या एखाद्या रिसॉर्टवर, ऑफिसच्या सहलीत. भाड्याची बंदूक, घामट मुखवटा, पाठीवर फुटलेली एक रंगीत गोळी आणि आठवडाभर टिकलेला निळा डाग. माझीही ओळख तेवढीच होती. हा खेळ कुठून आला, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो पडला अमेरिकेत, दादाच्या तळघरात.

दादा माझा थोरला भाऊ. आम्ही बडोद्याचे. तो १९८४ साली नोकरीसाठी न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॅशुआ गावी गेला आणि तिथलाच झाला. आता पासष्टी ओलांडली, गुडघे कुरकुरू लागले, मुलं दूर गेली. मोठं घर विकून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. आवराआवरीला हात लावावा म्हणून मी गेल्या ऑक्टोबरात महिनाभर तिकडे होते. वहिनीने दादाला स्पष्ट सांगितलं होतं, "तुमच्या त्या सामानाला नव्या घरात एक कप्पा मिळेल. एकच."

"ते सामान" म्हणजे पेंटबॉलच्या सहा बंदुका. दादा लगेच चूक सुधारतो, "बंदूक नाही म्हणायचं गं, मार्कर." मला वाटलं, खेळाडूंचा नखरा असेल. पण या शब्दामागे खरी गोष्ट आहे आणि ती ऐकायला तासाभरावरच्या हेनिकर गावी जावं लागतं.

जगात एकच हेनिकर

तुम्ही कधी बॉस्टनला मुलाकडे किंवा लेकीकडे गेलात, तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस हेनिकरसाठी ठेवा. बॉस्टनहून गाडीने साधारण दीड तास लागतो. मेपलची झाडं तेव्हा लाल-केशरी झालेली असतात. गावातून कॉन्टूकुक नदी वाहते आणि न्यू इंग्लंड कॉलेजजवळ तिच्यावर छप्पर असलेला लाकडी पूल आहे. दिसतो शंभर-दीडशे वर्षांचा, पण बांधलाय १९७२ साली, ग्रॅटन नावाच्या बापलेकांनी, जुन्या पद्धतीने. पुलावरून चालताना फळ्या पायाखाली वाजतात आणि फटींतून नदी दिसते. "जगात एकच हेनिकर" असं हे गाव मोठ्या अभिमानाने सांगतं. जॉन हेनिकर या लंडनच्या व्यापाऱ्याच्या नावावरून १७६८ साली हे नाव पडलं.

याच गावाच्या जंगलात २७ जून १९८१ रोजी पेंटबॉलचा पहिला सामना झाला.

सुरुवात एका वादातून झाली. चार्ल्स गेन्स हा लेखक (शरीरसौष्ठवावरच्या 'पंपिंग आयर्न' पुस्तकाचा सहलेखक) आणि त्याचा मित्र हेज नोएल, न्यूयॉर्कचा शेअर दलाल. जंगलात टिकून राहण्याची वेळ आली तर कोण टिकेल, रानात वाढलेला माणूस की शहराच्या धकाधकीत तयार झालेला? वाद काही मिटेना. मग त्यांना एक अवजार सापडलं. नेल्सन पेंट कंपनीचं 'नेल-स्पॉट ००७'. वनखात्याची माणसं तोडायच्या झाडांवर आणि गुराखी गुरांवर लांबून खूण करायला ते वापरत. खूण करणारं, म्हणून मार्कर. दादाचं बरोबर होतं.

बॉब गर्न्सी या तिसऱ्या मित्राने नियम बसवले. बारा खेळाडू, प्रत्येक जण एकटा. जंगलात चार ठिकाणी वेगवेगळ्या रंगांचे झेंडे. चारही रंग गोळा करून, अंगावर डाग न पडता बाहेर यायचं. जिंकला रिची व्हाइट नावाचा वनतज्ज्ञ. आणि त्याने अख्ख्या खेळात एकदाही गोळी झाडली नाही! झाडांतून गुपचूप फिरला, झेंडे घेतले, बाहेर आला.

त्या काळच्या गोळ्यांत तेलाचा रंग असे, तो टर्पेंटाइनने काढावा लागे. पाण्याने धुतला जाणारा रंग नंतर आला.

तळघरातला पसारा

आम्ही हेनिकरला गेलो त्याला कारण होतं. दोन आठवडे झाले तरी दादाचा निर्णय होत नव्हता. रोज सकाळी तो तळघरात जाई, सहाही मार्कर टेबलावर मांडी, पुसून परत खोक्यात ठेवी.

त्यांची ओळख करून देते. पहिला, नेल-स्पॉट ००७. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने निवृत्त होताना दिलेला. दुसरा, 'फँटम' नावाचा पंप मार्कर, दर गोळीला हाताने पंप ओढायचा. हा दादाने १९९० साली पगारातून घेतलेला, त्याचा पहिला. तिसरा, 'ऑटोकॉकर', पुढे छोट्या नळ्या आणि पिस्टन असलेला, घड्याळासारखा नाजूक. चौथा आणि पाचवा, टिपमन कंपनीचे दोन '९८ कस्टम', मुलांसाठी घेतलेले. सहावा, २००५च्या सुमाराचा इलेक्ट्रॉनिक, बॅटरीवर चालणारा.

"यातला सगळ्यात मौल्यवान कुठला?" मी विचारलं.

"पैशाने की माझ्यासाठी?" दादा म्हणाला. सगळी गाठ तिथेच होती.

ठेवायचं, विकायचं की सुधारायचं?

तुमच्या घरी पेंटबॉलचं सामान नसेलही. पण जुना कॅमेरा, बाजाची पेटी, शिवणयंत्र, बाबांची क्रिकेटची बॅट यांपैकी काहीतरी असेलच. म्हणून दादाने शेवटी कसं ठरवलं ते जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न, सुटे भाग मिळतात का? सहाव्या मार्करचा निकाल इथेच लागला. दिसायला सगळ्यात नवा, पण बनवणारी कंपनी २०१० साली बंद पडली. सर्किट किंवा वॉल्व्ह बिघडला तर शोधत बसावं लागतं. असं सामान चालू आहे तोवरच विकावं. बंद पडलं की त्याची किंमत फक्त सुट्या भागांची. उलट टिपमनचे दोन्ही मार्कर वीस वर्षं जुने असले, तरी षटकोनी किल्लीने चार-सहा स्क्रू सोडवले की आतलं सगळं समोर येतं आणि भाग आजही मिळतात.

दुसरा प्रश्न, सुधारणेला किती खर्च आणि तो कशासाठी? दादा म्हणतो, सुधारणेवर घातलेला पैसा विकताना परत येत नाही. त्यामुळे विकायच्या वस्तूवर खर्च करू नका, फक्त साफ करा, रबरी रिंगा बदला आणि ती चालते हे दाखवा. मूळ सुटे भाग, खोकं, माहितीपुस्तिका असेल तर सोबत द्या. फार जुन्या वस्तूला पॉलिश किंवा नवा रंग तर अजिबात नको, संग्राहकाला ती जशी होती तशीच हवी असते.

वापरायच्या वस्तूवर मात्र योग्य जागी खर्च करा. जुने मार्कर कार्बन डायऑक्साइडवर चालत. थंडीत त्या गॅसचा दाब उतरतो आणि न्यू हॅम्पशरच्या गारठ्यात गोळ्या जवळच पडू लागतात. दाबलेल्या हवेची टाकी लावली की दाब स्थिर राहतो. टिपमनसारख्या साध्या मार्करला ती सहज बसते. दुसरा खर्च नळीचा. गोळी नळीत टाकून फुंकर मारायची. आपोआप घरंगळली तर नळी सैल, फुंकरीनेही हलली नाही तर घट्ट. नेम सुधारायला महागड्या यंत्रापेक्षा ही फुंकर जास्त उपयोगी.

तिसरा प्रश्न, सुरक्षित आहे का? इथे भावनेला जागा नाही. जुने मुखवटे दादाने एका फटक्यात कचऱ्यात टाकले. काच जुनी झाली की तडकू शकते, आतला फोम भुगा होतो. मैदानावर गोळीचा वेग सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात, बऱ्याच ठिकाणी २८० फूट, आणि तेवढाही डोळा घालवायला पुरेसा आहे. हवेच्या टाकीवर तारीख कोरलेली असते. सहसा दर ५ वर्षांनी तिची तपासणी लागते आणि कार्बन फायबरची टाकी बनल्यापासून १५ वर्षांनी बादच करायची. दादाच्या दोन टाक्या तिथेच बाद झाल्या.

चौथा प्रश्न कुठल्याही यादीत सापडत नाही. मी अजून तो माणूस आहे का, ज्याने हे घेतलं होतं? दादा इथेच अडला होता.

पुलावरचं बोलणं

हेनिकरच्या पुलाजवळ आम्ही बाकावर बसलो. पहिला सामना झाला त्या नेमक्या झाडांपाशी गेलो नाही, खासगी रानात न विचारता शिरायचं नसतं. पण गावाबाहेर रस्त्याकडेला गाडी थांबवून दादाने काच खाली केली होती आणि बराच वेळ झाडांकडे बघत राहिला होता. आता वहिनीने दिलेले ठेपले आणि वाटेत घेतलेले सफरचंदाच्या रसातले डोनट मधे ठेवून तो बोलू लागला.

"इथे आल्यावर पहिली काही वर्षं मी डबा एकटा खायचो. कुणी वाईट वागायचं नाही, पण सोमवारी सगळे शनिवारच्या खेळाबद्दल बोलायचे आणि मी ऐकायचो. एकदा त्या सहकाऱ्याने विचारलं, येतोस का? मी गेलो. पहिल्या दहा मिनिटांत बाद झालो. कपाळावर पिवळा डाग! पण सोमवारी तो डाग टेबलाचा विषय होता. त्यानंतर मी एकट्याने जेवलो नाही."

मला हे कधीच माहीत नव्हतं. त्याच्या पत्रांत "सगळं छान आहे" असंच असायचं. आई ती पत्रं देवघराच्या खणात ठेवायची.

"ऑटोकॉकर मी का विकत नाही, विचार," तो म्हणाला. मी विचारलं. "त्याची वेळ जुळवावी लागते. हातोडी, बोल्ट, झडप, सगळ्यांचा ठेका बसला तरच तो नीट चालतो. मुलं झोपली की मी तळघरात तासन्‌तास तेच करायचो. आता बारीक स्क्रू दिसत नाही आणि हात थरथरतो. तो विकला म्हणजे मला ते आता जमत नाही, हे मान्य केल्यासारखं होईल."

मी काही बोलले नाही. खालून नदी वाहत होती.

जरा वेळाने तोच म्हणाला, "पहिला सामना जिंकणाऱ्याने एक गोळी झाडली नाही. आणि मी सहा मार्कर धरून बसलोय."

शेवटी काय झालं

परत आल्यावर निर्णय दोन दिवसांत झाले.

नेल-स्पॉट दादा ठेवणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. खेळाचा इतिहासच तो! पण दादाने आधी त्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. भेट मिळालेली वस्तू विकण्याआधी देणाऱ्याला विचारावं, ही त्याची रीत. पलीकडून म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला, ज्याला तिची कदर आहे त्याला दे. ती एका संग्राहकाकडे गेली, जशी होती तशी, ओरखड्यांसकट.

इलेक्ट्रॉनिक मार्कर आणि एक टिपमन विकला. दुसऱ्या टिपमनला नवी नळी, नवी रिंग आणि हवेची नवी टाकी लागली. तो नातीसाठी. ती तेरा वर्षांची आहे आणि आजोबांच्या पिवळ्या डागाची गोष्ट तिने तीनदा सांगायला लावली. नवे मुखवटे मात्र दोन घेतले, कारण आजोबा मैदानाच्या कडेला उभे राहणार आहेत.

ऑटोकॉकर घ्यायला एक तरुण आला. दादाने पैसे घेतले आणि त्याला लगेच जाऊ दिलं नाही. तळघराच्या पायरीवर बसवून दोन तास वेळ जुळवायला शिकवलं. स्क्रू तो फिरवायचा, दादा डोळे मिटून आवाज ऐकायचा. "थोडा मागे. अजून. हां, आता." दादाला स्क्रू दिसत नव्हता, पण ठेका ऐकू येत होता.

कप्प्यात राहिला फक्त फँटम. त्याला ना बॅटरी लागते, ना वेळ जुळवावी लागते. एक पंप, एक गोळी. "या गुडघ्यांना एवढाच वेग झेपतो," दादा म्हणाला.

मला निघताना तो म्हणाला, यातला एक तुझ्या मुलाला नेतेस का? मी नको म्हटलं. तुम्हीही नेणार असाल, तर आधी कस्टम्सचे नियम विचारून घ्या. आणि गॅसची टाकी वॉल्व्ह पूर्ण काढून उघडी केल्याशिवाय अमेरिकेतल्या विमानात चढू देत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

बडोद्याला आल्यावर मी आईच्या देवघराचा खण उघडला. दादाची पत्रं अजून तिथे आहेत. ती ठेवायची आहेत. बाकी खणाचं काय करायचं, ते येत्या रविवारी बसून ठरवणार आहे.