मॅडमची विचारपूस कोण करणार?

बाईने कारभार पाहणे आम्हा गोवेकरांना नवे नाही. आमच्या पेडण्यात जन्मलेल्या शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ गोव्याच्या मुख्यमंत्री होत्या. त्यानंतर ती खुर्ची दुसऱ्या स्त्रीला मिळालेली नाही. ऑफिसांतही बऱ्याचदा असेच दिसते. वरच्या जागेवर बाई असते, पण एकटीच.

मी बीई झाल्यापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या मॅनेजर मॅडम डिचोलीच्या. वरिष्ठांत त्या एकट्याच बाई. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री असावी लागते. नियम चांगलाच आहे. पण आमच्याकडे ते काम आपोआप मॅडमच्या गळ्यात पडले. तक्रार आली की ९० दिवसांत चौकशी पुरी करायची, ऐकलेले गुप्त ठेवायचे, घरीसुद्धा बोलायचे नाही. प्रोजेक्टची डेडलाइन मात्र तीच. वर्षभरात त्यांची झोप उडाली. गेल्या महिन्यात त्यांनी मॅनेजरपद सोडले.

आता ते पद मला देऊ केले आहे. मी दोन गोष्टी मागितल्या आहेत: समितीचे काम ऑफिसच्या तासांत धरा आणि आणखी एका बाईला वर आणा. उत्तर यायचे आहे.

तुमची बहीण, वहिनी किंवा बायको मॅनेजर झाली, तर पेढे जरूर वाटा. पण अधूनमधून "झोप लागते ना गो?" एवढेही विचारा.