धानाच्या दाण्याएवढा माणूस

आमच्या गावाला समुद्र नाही, अशी तक्रार आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. करील तरी कोण? गोंदिया जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला पाण्याचा तोटा मुळी नाहीच. नवेगावबांधचा जलाशय जवळ, इटियाडोहचे धरण जवळ, आणि चार पावले चालावे तो एखादा मामा तलाव आडवा येतो. पाण्यावर चालणारे वाहन म्हणाल तर डोंगा. मासे धरायला, कमळकाकड्या काढायला तेवढे पुरते. गावाचे नाव प्रतापगड. हे नाव घेतले की बाहेरचा माणूस लगेच अफझलखानाची गोष्ट काढतो. पण तो प्रतापगड साताऱ्याकडचा. आमच्या टेकडीवर महादेव आहे, दर्गा आहे, महाशिवरात्रीला जत्रा भरते, आणि इतिहासाने आम्हाला त्यापलीकडे फारसा त्रास दिलेला नाही.

अशा या गावात बसून मी लढाऊ जहाजांच्या प्रतिकृती करतो. मुंबई येथून रेल्वेने हजार किलोमीटरच्या घरात. म्हणजे ज्या वस्तूची नक्कल करायची, ती दाराशी कधी येणार नाही याची पूर्ण खात्री. माझे स्नेही या छंदाकडे ज्या नजरेने पाहतात, तिच्यात दया अधिक असते की कौतुक, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. “याचा उपयोग काय?” हा प्रश्न मात्र सगळेच विचारतात.

उपयोग सांगायचा तर पुष्कळ सांगता येईल. इंग्लंडात विल्यम फ्रूड नावाच्या इंजिनिअराने १८७२ च्या सुमारास टॉर्की येथे लांबच लांब हौद बांधून त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि खऱ्या जहाजाला पाणी किती अडवील याचे गणित बसवले. दुसऱ्या महायुद्धात बाराशेपटीने लहान केलेली जहाजे टेबलावर मांडून खलाशांना शत्रूची आणि आपली नौका ओळखायला शिकवत. पण हे सारे दुसऱ्यांचे उपयोग झाले. माझ्या जहाजाने कोणाचे गणित सुटले नाही, की कोणाला शत्रू ओळखता आला नाही.

या बाबतीत मला गावात एकाच माणसाने कधी प्रश्न केला नाही. तो म्हणजे आमचा वाढई. (सुताराला आमच्याकडे वाढई म्हणतात.) विदर्भात मोठा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, आणि त्या दिवशी पोरे लाकडी बैल ओढत गावभर फिरतात. ते बैल करण्यात याचा हात धरणारा आमच्या पंचक्रोशीत नाही. लहान वस्तूत मोठी वस्तू कशी आणावी हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की त्याच्या बैलाचे वशिंड खऱ्या बैलापेक्षा मोठे असते, शिंगेही जरा जास्त डौलदार. बैल ‘बैल दिसला’ पाहिजे, एवढाच त्याचा कायदा. माझा कायदा निराळा. त्याचा बैल मायेने होतो, माझे जहाज फूटपट्टीने.

फूटपट्टीचा हा कायदा मोठा कडक आहे. मी एका इंचात वीस फूट बसवतो. म्हणजे प्रत्येक वस्तू दोनशे चाळीस पटींनी लहान. विक्रांत ही आपली पहिली विमानवाहू नौका सातशे फूट लांब होती. या मापात ती पस्तीस इंच होते. आता वाटते की हिशेब संपला. पण खरा हिशेब येथून पुढे सुरू होतो. जहाजाच्या कडेला जे कठड्याचे दोर असतात, त्यांच्यासाठी जाळ्यातला नायलॉनचा धागा घ्यावा म्हटले, तर तो दोन दशांश मिलिमीटर जाड. दोनशे चाळीसने गुणून पाहा: जवळजवळ पाच सेंटिमीटर! एवढ्या जाड दोराने आपल्याकडे हत्ती बांधतात. मग जळलेल्या मोटारीच्या गुंडाळीतली केसासारखी तांब्याची तार सोडवून घ्यायची. बोफोर्स तोफेची नळी जेमतेम एक सेंटिमीटर भरते. तिच्यासाठी इंजेक्शनची बारीक सुई कामाला येते. रंगाचा हात जरा जड पडला, की त्याचा थर खऱ्या जहाजावर बोटभर जाडीचा ठरतो आणि त्याखाली सगळे बारीक काम पुरले जाते. इतकेच काय, रंगसुद्धा मापात फिका करावा लागतो. कारण दुरून पाहिलेले जहाज जवळून पाहिलेल्या पत्र्याइतके गडद कधीच दिसत नाही.

लाकडाचेही तेच. आमच्याकडे सागवानाची ददात नाही, आणि सागवानाशी लढाऊ जहाजाचे नाते जुने आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी १८१७ साली मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ बांधली. ती इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षे टिकणाऱ्या त्या लाकडाचा मोह कोणालाही पडेल. पण सागाच्या रेषा भरड असतात. दोनशे चाळीस पटींच्या हिशेबात त्याचे एकेक छिद्र विहिरीएवढे दिसू लागते. म्हणून मी शिवण घेतो. तिच्या पातळ फळ्या जहाजाच्या आकारात, मधला भाग कोरून, एकीवर एक चिकटवायच्या. मग बाहेरून रंध्याने आणि कानशीने पायऱ्या मोडत न्यायच्या. अशा रीतीने जहाज आतून पोकळ राहते. ही पोकळी पुढे महत्त्वाची ठरली, म्हणून येथे सांगून ठेवतो.

सगळ्याच गोष्टी मापात उतरतात, असे मात्र नाही. पाणी उतरत नाही. उत्तम केलेले जहाज तलावात सोडून पाहा. त्याच्यावर उडालेला एक थेंब तोफेपेक्षा मोठा असतो आणि क्षणात त्याचे खेळणे होते. जुन्या सिनेमांतली समुद्रयुद्धे खोटी वाटतात ती जहाजांमुळे नव्हे, थेंबांमुळे. म्हणून माझी जहाजे कपाटात राहतात, कोरडी.

काही वर्षांपूर्वी मला दीवला जाण्याचा योग आला. तेथे चक्रतीर्थाजवळ, समुद्राकडे तोंड करून, एका उंचवट्यावर काचेचे घर आहे आणि त्या घरात एक जहाज आहे. हे ‘खुकरी’चे स्मारक १९९९ साली उभारले गेले. ‘खुकरी’, ‘कृपाण’ आणि ‘कुठार’ या तीन बहिणी. तिन्ही नावे धारदार शस्त्रांची. ‘खुकरी’ इंग्लंडात काउस येथे बांधली गेली, १९५६ साली पाण्यात उतरली आणि १९५८ साली आपल्या नौदलात आली. तीनशे दहा फूट लांबीची, एका धुराड्याची, दिसायला साधी नौका. पाणबुड्या शोधून बुडवायच्या, हेच तिचे काम. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने तिच्यावर पाणतीर सोडला आणि काही मिनिटांत ती बुडाली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

पुढचा इतिहास विचित्र आहे. जिने मारले ती ‘हंगोर’ कराचीच्या संग्रहालयात सबंधच्या सबंध ठेवलेली आहे. जी मेली ती समुद्राच्या तळाशी आहे. लोकांनी जाऊन पाहावी अशी ‘खुकरी’ उरली ती काचेतली. विक्रांतचे तरी काय झाले? १९९७ साली ती निवृत्त झाली, काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि २०१४ साली मोडीत निघू लागली. तिचे लोखंड पुढे मोटारसायकलींत गेले. तिच्या नावाची नवी नौका २०२२ साली नौदलात आली, हे खरे; पण जुनी विक्रांत पाहायची तर आता छायाचित्रांत किंवा प्रतिकृतीत. त्या काचेसमोर उभा असताना मला पहिल्यांदा असे वाटले, की नक्कल ही नेहमी अस्सलाच्या मागून चालते असे नाही. कधी कधी अस्सल निघून जाते आणि नक्कलेला एकटीलाच उभे राहावे लागते.

परत आल्यावर मी ‘खुकरी’ करायला घेतली. साडेपंधरा इंच.

जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याला पहिला प्रश्न सोडवावा लागतो तो तारखेचा. जहाज काही देवळासारखे वर्षानुवर्षे तसेच राहत नाही. दर दुरुस्तीत एखादी शिडी हलते, एखादी तार वाढते, रंग बदलतो. म्हणून ‘कोणते जहाज’ एवढे सांगून भागत नाही. ‘कोणत्या दिवशीचे’ हेही ठरवावे लागते. ‘खुकरी’पुरता हा प्रश्न माझ्या मनात आधीच सुटलेला होता. मला ९ डिसेंबरची सकाळ हवी होती. अजून काही घडलेले नाही, अशी.

काम सात-आठ महिने चालले. तीन बोफोर्स तोफा झाल्या. पाणबुडीवर मारा करणाऱ्या तीन-तीन नळ्यांच्या दोन उखळी तोफा मागच्या बाजूला बसल्या. वरचे डेक अजून चिकटवायचे होते. पटाशीला धार लावून घ्यायला मी वाढयाकडे गेलो, तेव्हा जहाजही दाखवायला नेले. त्याने ते दोन्ही हातांनी उचलले, डोळ्यांसमोर धरले, खालून पाहिले, वरून पाहिले.

“गुरुजी, जहाज त झकास झाला जी. पन याच्यातली मानसं कुठं आहेत?”

मी म्हटले, “माणसे करीत नाहीत बहुतेक. या मापात साडेपाच फुटांचा माणूस सात मिलिमीटरचा होतो.”

“म्हंजे केवढा जी?”

“धानाच्या दाण्याएवढा.”

तो काही बोलला नाही. धार लावून झाल्यावर, पैसे घेताना त्याने विचारले, “किती गेले होते म्हनाले?” मी आकडा सांगितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतः घरी आला. दिवाळी तोंडावर होती आणि हलका धान कापून झाला होता. त्याने फडक्याची गाठ सोडली. आत नव्या धानाचे दाणे होते, मोजलेले. “दोनदा मोजले जी,” तो म्हणाला. आम्ही पुन्हा एकदा मोजले. एकशे चौऱ्याण्णव. एवढे दाणे मुठीत घेतले तर मूठसुद्धा भरत नाही.

ते डेकवर चिकटवावेत असे त्याच्याही मनात नव्हते, माझ्याही नाही. लढाऊ जहाजावरची बहुतेक माणसे बाहेरून दिसतच नाहीत. ती इंजिनापाशी असतात, बॉयलरपाशी असतात, आपल्या झोळीत झोपलेली असतात. दाणे चार दिवस उन्हात वाळवले. कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला, घरच्या कणगीत घालतात तसा, थोडा चुरून घातला. मग ते जहाजाच्या पोकळीत ठेवले आणि वरून डेक बसवले. आता ते उघडत नाही.

या धंद्यातल्या लोकांत एक जुना वाद आहे. जे शेवटी झाकले जाणार, ते बारीक काम करावे की न करावे? कोणी म्हणतो, दिसत नाही ते नाहीच. कोणी डेकखालच्या खोलीतली टेबलेसुद्धा करून ठेवतो आणि वरून कायमची झाकून टाकतो. या दुसऱ्या जातीच्या लोकांना मी पूर्वी थोडे चक्रम समजत असे. आता समजत नाही. झाकलेले काम पाहणाऱ्यासाठी नसतेच. त्याने फक्त जहाजाचे वजन खरे होते.

‘खुकरी’ आता काचेच्या पेटीत आहे. शाळेतली पोरे येतात, तोफा मोजतात, “पाण्यात सोडा ना गुरुजी” म्हणून हट्ट धरतात. आत काय आहे हे मी त्यांना आपण होऊन सांगत नाही. कोणी जहाज हलवून पाहिले आणि आतून बारीक सळसळ ऐकू आली, की मग सांगतो. नौदल दिन देशभर ४ डिसेंबरला साजरा होतो. कराचीवरच्या हल्ल्याचा तो दिवस, विजयाचा. त्या दिवशी मीही शाळेत चार शब्द बोलतो. पेटीची काच मात्र मी पाच दिवसांनी पुसतो. वाढई त्या दिवशी काही निमित्त काढून येतो, चहा घेतो, आणि आमचे बोलणे बहुधा धानाच्या भावावरच होते.