चिलापीच्या आतड्यात

सूक्ष्मजीवशास्त्र म्हटलं की भिगवणच्या मासळी बाजारात कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. ‘आतडीवाल्या मॅडम’ म्हटलं की मात्र पोरंसोरंही माझ्याकडे बोट दाखवतात. मासा सोडून त्याचं आतडं मागणारं गिऱ्हाईक ही माझी तिथली ओळख. कात्री चालवायचा हात बसावा म्हणून सुरुवातीला मी लिलावातले मासे घ्यायचे. संशोधनाच्या नमुन्याला तसला मासा चालत नाही. मेल्यावर काही तासांतच पोटातले जिवाणू बेसुमार वाढतात, कुजवणाऱ्यांचं फावतं आणि मासा जिवंत असताना तिथे कोण नांदत होतं हे कळायची सोय उरत नाही. म्हणून मग उजनी धरणातल्या पिंजऱ्यांवर जाऊ लागले. पिंजरे म्हणजे पाण्यात सोडलेली जाळ्यांची खोकी. वर तरंगता सांगाडा, आत दाटीवाटीनं वाढवलेली चिलापी.

उजनीच्या पाण्याची तऱ्हा जिल्ह्याला ठाऊक आहे. पुणे-पिंपरीचं सांडपाणी नद्यांमधून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. त्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर उन्हाळ्यात हिरवा तवंग माजतो. लोक त्याला शेवाळ म्हणतात. त्यात मायक्रोसिस्टिससारखे नील-हरित जिवाणू असतात, म्हणजे तेही माझ्याच खात्यातले. पण हिरवा रंग नसतानाही पाणी रिकामं नसतं. साध्या, स्वच्छ दिसणाऱ्या तळ्याच्या एका मिलिलिटर पाण्यात दहा लाखांच्या घरात जिवाणू असतात.

आमचं शिक्षण झालं ते पेट्री डिशवर. पाण्याचा थेंब पसरायचा, वाढलेले ठिपके मोजायचे, नावं लावायची. सूक्ष्मदर्शकाखाली शंभर दिसत असतील तर डिशवर जेमतेम एखादा वाढतो. जेम्स स्टेली आणि ॲलन कोनोप्का यांनी १९८५ साली ही तफावत नीट मांडली. म्हणजे वर्षानुवर्षं आपण हजेरीपटावरची मोजकी नावं वाचून वर्ग भरला म्हणत होतो. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली रायबोसोममधल्या ज्या आरएनएवरून जीवसृष्टीची विभागणी नव्यानं केली, त्याच आरएनएचं जनुक आता आम्ही थेट नमुन्यातून वाचतो. जिवाणू वाढवायची गरज राहिली नाही. माशाच्या आतड्याचं काम खरं सुरू झालं ते या पद्धतीमुळे.

पिंजऱ्यावरचं काम मात्र फारसं आधुनिक नाही. बादलीत लवंग तेलाचे थेंब टाकून माशाला गुंगी द्यायची, पोटावरून स्पिरिटचा बोळा फिरवायचा, निर्जंतुक कात्रीनं गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत नेमका वरचा पापुद्रा कापायचा. जरा खोल गेलं की आतडं फाटतं आणि तो मासा बाद. चिलापीचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब असतं, गुंडाळी करून बसवलेलं. ते उलगडून आतला ऐवज वेगळा काढायचा आणि भिंत वेगळी, कारण दोन्हीकडचे रहिवासी सारखे नसतात. मग छोट्या नळ्या द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये. होडी चालवणारे नाना हे सगळं पाहून एकदा म्हणाले, “आमी ह्येच टाकून देतो, आन् तुमी ह्येच गाडीतनं पुण्याला न्हेता.”

पुण्याला नेऊन जे हाती येतं ते वाचताना डोळे उघडे ठेवावे लागतात. पहिल्या याद्यांमध्ये मला सोयाबीन सापडलं होतं. वनस्पतीच्या पेशीतलं हरितलवक मुळात नील-हरित जिवाणूंच्याच वंशातलं, त्यामुळे आमच्या तपासणीत तेही जिवाणू म्हणून नाव नोंदवतं. खाद्याच्या गोळ्यांत सोयापेंड होती, ती पोटात होती, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय डीएनए काढायच्या रसायनांमध्येही जिवाणूंचे अंश असतात. म्हणून प्रत्येक वेळी एक रिकामी नळी सगळ्या टप्प्यांतून न्यावी लागते आणि त्या नळीत जे दिसेल ते माशाच्या खात्यातून वजा करावं लागतं. या कामातली निम्मी अक्कल वजाबाकीची आहे.

वजाबाकी झाल्यावर जे उरलं त्यानं मला या विषयाला बांधून ठेवलं. आतड्यातली वस्ती ही भोवतालच्या पाण्याची प्रत नव्हती. पाण्यात ज्याची नोंद जेमतेम लागत होती ते सीटोबॅक्टेरियम आतड्यात ठाण मांडून होतं. गोड्या पाण्यातल्या माशांमध्ये हे नाव जगभर आढळतं. हा जिवाणू बी-१२ जीवनसत्त्व तयार करतो. ज्या जातींच्या पोटात तो भरपूर असतो त्यांना खाद्यातून बी-१२ द्यावं लागत नाही, हे जपानी संशोधकांनी फार पूर्वीच दाखवलं आहे. पाण्यातून लाखो जिवाणू रोज तोंडात जातात. आत घर करतात ते थोडेच. ऑक्सिजनचा अभाव, पित्त, माशाची प्रतिकारशक्ती आणि आधीपासून बसलेले शेजारी या सगळ्यांतून पार पडेल तो राहणार.

चिलापीच्या बाबतीत आणखी एक उंबरठा आहे. रोहू-कटल्याला जठरच नसतं. चिलापीला असतं आणि त्यातलं आम्ल भयंकर तीव्र असतं. युगांडातल्या लेक जॉर्जवर मोरिआर्टी यांनी १९७३ साली नाईल चिलापीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायक्रोसिस्टिससारख्या नील-हरित जिवाणूंच्या पेशी हा मासा निव्वळ आम्लाच्या जोरावर फोडून पचवतो, असं त्यातून दिसलं. उजनीच्या हिरव्या पाण्यात चिलापीचं का फावतं याचं एक उत्तर त्यात आहे. त्याच अभ्यासातली दुसरी गंमत मला जास्त आवडते. रात्री जठर रिकामं असतं, आम्ल उतरलेलं असतं, त्यामुळे सकाळचा पहिला चारा न पचता तसाच हिरवागार बाहेर पडतो. मी हे नानांना सांगितलं, तर म्हणाले, “सकाळची घाण हिरवी पडती, ठावं हाय की.”

आता बाटल्यांबद्दल. पिंजरेवाले असोत की शेततळेवाले, पहिल्या चहाला हमखास येणारा प्रश्न एकच: “मॅडम, बॅक्टेरिया कुठला टाकू?” विक्रेते दारात येतात, बाटल्यांवर जिवाणूंची लांबलचक नावं असतात आणि पाणी, पोट, गाळ सगळं एका झाकणात सुधारण्याची हमी असते. अशी एक बाटली मी प्रयोगशाळेत तपासली. लेबलावर नावं बरीच होती, वाढला फक्त एक बॅसिलस. बॅसिलस काही वाईट नाही. त्याचे बीजाणू चिवट असतात, खाद्यातून दिल्यास काही प्रयोगांत मासे चांगले वाढल्याचं दिसलं आहे. पण देणं थांबवलं की बहुतेक वेळा काही दिवसांत तो आतड्यातून दिसेनासा होतो. तो पाहुणा आहे, त्याच्याकडून घर चालवायची अपेक्षा करू नये. आणि उघड्या धरणात, पिंजऱ्याच्या जाळीतून पाणी सतत वाहत असताना, बाटलीभर जिवाणू पाण्यात ओतणं हे माझ्या मते शुद्ध पैसे बुडवणं आहे. मी हे तोंडावर सांगते. त्यामुळे विक्रेत्यांचं माझ्याशी पटत नाही.

प्रतिजैविकं हा त्याहून वाईट शॉर्टकट. ती आतड्यातली बसलेली वस्ती उठवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत औषधाला दाद न देणारे शिरतात. एरोमोनाससारखे संधिसाधू पाण्यात कायम असतातच, त्यांना फक्त मासा खचलेला हवा असतो. नॉर्वेतल्या सामन शेतीत १९८७ च्या सुमारास वर्षाला पन्नास टनांच्या आसपास प्रतिजैविकं जात होती. लशी आल्या, शेतीची शिस्त बदलली, आणि मासा कितीतरी पटीनं वाढूनही आज तिथे वर्षाला एक टनही लागत नाही.

आपल्याकडे मासा खचतो त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. दाटी, उरलेलं खाद्य आणि पहाटेचा ऑक्सिजन. दिवसा ऑक्सिजन देणारं शेवाळ रात्री तोच वापरतं, तळाचा गाळ कुजवणारे जिवाणूही वापरतात, आणि सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ऑक्सिजनचं मीटर असेल तर ते दुपारी बुडवून समाधान मानू नका, पहाटे बुडवा. मीटर नसेल तर पहाटे नुसतं काठावर उभं राहा, आणि मासे वर आलेले दिसले तर त्या दिवसाचं खाद्य कमी करा.

आणि एक विनंती. मासे दगावायला लागले की लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत आदल्या दिवशीचा फुगलेला मासा घेऊन येतात, कधी कधी पन्नास-साठ किलोमीटरवरून. त्यातून आम्हाला काही सांगता येत नाही. सुस्त झालेला, कडेला लागलेला, पण जिवंत असा मासा तळ्याच्याच पाण्यात आणा, आणि एका वेगळ्या स्वच्छ बाटलीत पाणी आणा. औषध टाकलं असेल तर त्याचं नाव लपवू नका.